गोकुळ उतरला

१

गोकुळ खांबावरून कसा पडला याच्या एकूण अकरा गोष्टी होत्या आणि अकराही खुद्द गोकुळनेच सांगितलेल्या. एकीत माकड होतं. एकीत आग्यामोहोळ होतं. एकीत खालून चाललेल्या वरातीतल्या बँडवाल्याने नवरदेवाकडे बघून असा काही सूर काढला होता, की हसता हसता गोकुळचे हात सुटले. नांदुऱ्यात सांगायची वेगळी, खामगावात सांगायची वेगळी. खरी कोणती, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "तुमाले पटन ते घ्या."

खरी त्यालाच माहीत नव्हती. अठरा वर्षांपूर्वीचा तो दिवस सकाळी नऊनंतर कोरा होता. डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, डावा पाय दोन बोटं आखूड होऊन. कोऱ्या भिंतीवर माणूस काहीतरी रंगवतोच, तशा त्या अकरा गोष्टी.

पडल्यावर लाइनमनकी संपली. मग बरीच वर्षं मीटर वाचत हिंडला, आणि बावन्नाव्या वर्षी तेही सोडून खामगावातल्या एका बंद तेल मिलच्या वरच्या मजल्यावर येऊन बसला. मिल बंद पडून वीस वर्षं झाली तरी जिन्यात अजून सरकीच्या पेंडीचा वास यायचा. वर मात्र काचेचं दार, गार हवा, सोळा संगणक. चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे आणि मेंदू रंगवायला बसायचं.

हो, मेंदूच. दूरदेशीच्या कोणा एक्याऐंशी वर्षांच्या बाईने देह दान केलेला. तिच्या मेंदूतला मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा. त्या दाण्याचे यंत्रावर पाच हजार काप केलेले, आणि काप असे की कांद्याचा पापुद्रा त्यांच्यापुढे गोणपाट. प्रत्येक कापाचा फोटो. या फोटोत अमुक तार इथे आहे, पुढच्या फोटोत ती कुठे गेली ते शोधायचं आणि तिथे माउसने टिक करायची. टिक, पुढचा काप, टिक, पुढचा काप. असं करत करत कोणती तार कोणाला जोडली आहे याचा नकाशा तयार होणार होता. म्हातारपणी माणसं आपलीच माणसं विसरतात त्या आजारात आधी कोणती तार जाते, तिच्यामागे कोणत्या जातात, हे त्या नकाशावरून मोठी डॉक्टर मंडळी ठरवणार होती. तारेला तंतू म्हणा, असं केंद्राची मुख्य झेबा पहिल्या दिवशी म्हणाली होती. गोकुळ तारच म्हणायचा. सोळा जणांत पंधरा पोरी आणि एक लंगडा काका. पण भरतीच्या परीक्षेत काकाची एकही तार चुकली नव्हती. जन्मभर त्याने दुसरं केलंच काय होतं.

आणि तो इथे आला होता तो एकाच कामासाठी. उंद्री गावात त्याचा लाइनमनकीतला उस्ताद शालिग्राम तीन वर्षांपासून खुर्चीत बसून होता. त्याच आजाराने. पन्नास वर्षांच्या संसारानंतर रुखमाकाकू त्याच्यासाठी कोणी परकी बाई झाली होती. तिने एकदा गोकुळला म्हटलं होतं, बरं नको होऊ दे, फक्त एकदा मला नावानं हाक मारू दे. तेव्हापासून गोकुळ सांगत सुटला होता, "उस्तादचा फॉल्ट मीच काढीन." लोक ती त्याची सगळ्यात भारी थाप समजायचे.

एका मंगळवारी दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. लाइनमनच्या सवयीने गोकुळने कापाचा आकडा पेनाने तळहातावर लिहिला: बाराशे बारा. झेबाने हॉलला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, सगळे खाली ओट्यावर डबे खायला गेले. सव्वादोनला गोकुळ परत येऊन बसला. तळहातावर बाराशे बारा होतं.

पडद्यावर बाराशे सोळा.

२

चारही टिका बरोबर होत्या. शेजारच्या रकान्यात नाव गोकुळचं होतं. वेळ एक वाजून एकेचाळीस मिनिटं, तेव्हा गोकुळच्या हातात भाकर होती आणि तोंडात माकडाची गोष्ट.

झेबाने मान तिरपी करून बघितलं. तीस-बत्तीसची, चष्मेवाली, गोकुळच्या थापांना हसायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखी बाई. तिने पडदा बघितला, तळहात बघितला.

"काका, तुमीच केलं अन् विसरून गेले."

एरवी गोकुळने तिथल्या तिथे तीन उत्तरं दिली असती. त्या दिवशी तो तळहातावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

कारण शालिग्रामचं असंच सुरू झालं होतं. उंद्रीपासून अमडापूरपर्यंतचे खांब डोळे मिटून मोजणारा माणूस. एक दिवस भर दुपारी एका खांबाखाली थांबला आणि गोकुळला म्हणाला, ही लाईन कोणी ओढली रे, काम चांगलं आहे. लाईन त्यानेच ओढलेली होती. गोकुळ तेव्हा हसला होता. मस्करी वाटली होती त्याला.

त्या संध्याकाळी गोकुळने बायकोला, कोकिळाला, विचारलं की काल आपण काय जेवलो. तिने सांगायच्या आत स्वतःच म्हणाला, वांगं. कोकिळा म्हणाली, हाव, अन् परवाही वांगंच होतं, त्यात काय मोठं. गोकुळला जरा बरं वाटलं. जरासंच.

बुधवारी त्याने जे केलं ते फक्त लाइनमनलाच सुचेल. खांबावर चढण्याआधी लाइनमन सबस्टेशनला फोन करून परमिट घेतो: अमुक लाईन माझ्या नावावर बंद करा. तेवढ्यावर न थांबता तो डीपीच्या, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीच्या, आतला फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घालतो. कोणी चुकून, कोणी पिऊन, कोणी पिकाला पाणी द्यायच्या घाईत कसलाही खटका दाबो, फ्यूज खिशात आहे तोवर वरच्या माणसाच्या जिवाला धोका नाही. काम झालं की वरचा एकेक जण जमिनीला पाय टेकतो आणि स्वतःचं नाव घेऊन 'उतरला' म्हणतो. सगळी नावं कानावर आली की ज्याने परमिट घेतलं तोच ते परत करतो. त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणी केलेलं चालत नाही.

तर गोकुळने दीड वाजता बिनवायरच्या माउसची बोटाच्या पेराएवढी चिप संगणकातून उपसली आणि शर्टच्या खिशात घातली. माउस मेला. कीबोर्डची वायरही काढून ठेवली. तळहातावर लिहिलं: बाराशे चाळीस. जेवताना चार वेळा खिसा चाचपला.

परत आला तेव्हा बाराशे एकोणपन्नास.

या वेळी त्याने टिका नीट बघितल्या. त्याच्या टिका सरळ पुढे जायच्या, मिरच्यांच्या माळेसारख्या. या नऊ टिका तशा नव्हत्या. टिक करणारा दर जोडापाशी एकदा मागच्या कापात जाऊन आला होता आणि मगच पुढे गेला होता. एक मागे, दोन पुढे. एक मागे, दोन पुढे.

गोकुळ असं कधी करायचा नाही. त्यापायी त्याने शालिग्रामची बोलणी खाल्ली होती, पंधरा वर्षं. जोडाला एकदा मागे वळून हात लाव, मग पुढे सरक, घाई तुझ्या बापाची आहे का.

३

सांगितलं तर कोण ऐकणार. ओट्यावर त्याने तोंड उघडलं तशा पोरी डबे सरकवून पुढे बसल्या, बारावी गोष्ट आली म्हणून. गोकुळने तोंड मिटलं. आयुष्यभर थापा मारल्या त्याचं व्याज असं एकदम अंगावर आलं.

मग तो सुट्टीत खाली जाईनासा झाला. पाय दुखतो म्हणायचा आणि वर बंद दाराशी, चपलांच्या रांगेत डबा घेऊन बसायचा.

काचेतून आत बघितलं तर संगणकांच्या पाठी दिसायच्या. पडदे पलीकडे, खुर्च्यांकडे तोंड करून. खुर्च्यांमागे पांढरी भिंत. दीड वाजला, जिन्यातले आवाज खाली गेले, गार हवेचं यंत्र घरघरत राहिलं. गोकुळने घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला.

टिक.

बारीक आवाज. काचेपलीकडून, हॉलच्या डाव्या कोपऱ्यातून, जिथे त्याची खुर्ची होती. बराच वेळ काही नाही. मग टिक, टिक. मग पुन्हा एकटी टिक. चिप त्याच्या खिशात होती. त्याने ती बाहेर काढून तळहातावर ठेवून बघितली.

त्याने स्वतःला समजावलं की गार हवेच्या यंत्राचा पत्रा तापतो-निवतो, त्याचा हा आवाज असणार. मग समजावलं की पाल असेल. मग, की कान वाजत असतील. चोपन्नाव्या वर्षी वाजतात. तिन्ही कारणं चांगली होती. दुसऱ्या कोणी दिली असती तर त्याने मानलीही असती.

पण त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर पडद्याचा उजेड पडला होता, पुसट करडा, आणि प्रत्येक टिकेबरोबर तो उजेड किंचित हलत होता. पुढचा काप आला की पडद्याचा रंग बदलतो, तसा.

शनिवारी काम सुटताना गोकुळने तळहातावर लिहिलं: तेराशे दहा. रविवारी केंद्र बंद. रविवारी तो नेहमीप्रमाणे चिखलीच्या गाडीत बसून उंद्रीला गेला.

४

शालिग्राम ओसरीत, दाराकडे तोंड करून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. अंगात धुतलेला शर्ट, खिशात पांढऱ्या चिनी मातीचा जुना फ्यूज. आजार सुरू झाला तसा तो फ्यूज कुठल्याशा पेटीतून त्यानेच शोधून काढला होता. शर्ट बदलताना रुखमाकाकू आधी फ्यूज नव्या शर्टाच्या खिशात घालायची, मग शर्ट त्याच्या अंगात. मधल्या वेळात फ्यूज दिसला नाही तर तो थरथरायला लागायचा.

काकूने चहा दिला. चहा ढवळता ढवळता सहज सांगितलं, यांचं नवीनच सुरू झालं आहे.

दीड वाजले, आणि शालिग्रामचं उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांडीवर हललं.

टिक. थांबलं. टिक, टिक.

"मंगळवारपासून," काकू म्हणाली. "बरोबर दीडले सुरू होते अन् सव्वादोनले बंद. तुह्यं घड्याळ मिळवून घे पाहिजे तर."

गोकुळचा चहा गार झाला. तो मोजत बसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. एक मागे, दोन पुढे. शालिग्रामचे डोळे दारातून बाहेर, उन्हात, पण बघत दुसरंच काही. कपाळावर घाम होता. वर चढलेल्या माणसाच्या कपाळावर असतो तसा. मागे गेलेल्या टिका वजा करून गोकुळने पुढच्या मोजल्या, तर सव्वादोनला बोट थांबलं तेव्हा एक्केचाळीस झाल्या होत्या.

सोमवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी जिन्यात उभा होता. झेबाने कुलूप काढलं. गोकुळने पडदा सुरू केला आणि तिला खुणेने बोलावलं.

तेराशे एक्कावन्न. नाव गोकुळचं. तारीख रविवारची.

झेबाने चष्मा काढून पुसला. सर्व्हरचं घड्याळ चुकत असेल, म्हणाली. हे यंत्रही आपल्या अंदाजाने तारा ओढतं, त्याचं काही असेल. मग तिचं तिलाच आठवलं की यंत्राने ओढलेल्या तारेपुढे यंत्राचं नाव पडतं. तिने पर्स उघडून किल्ली आहे का बघितलं. किल्ली होती. हॉलला दुसरी किल्ली नव्हती.

"काका, तुमचा रविवार कुठं गेला?"

"उंद्रीले."

"अन् ही तार कुठं चालली?"

ते मात्र गोकुळलाही माहीत नव्हतं.

५

चार दिवसांत कळलं. तार डागाकडे चालली होती.

त्या बाईच्या मेंदूत जागोजाग काळे डाग होते. डागापाशी तारा सुजायच्या, फाटायच्या, विरून जायच्या. केंद्राचा नियम असा, की तार डागाला लागली की तिच्यापुढे 'संपली' अशी खूण करायची आणि पुढची तार घ्यायची. सोळा जणांनी मिळून अशा हजारो संपवल्या होत्या.

ही संपली नाही. डागाच्या काठाशी आली, एकदा मागे गेली, आणि कोणाच्या लक्षातही आली नसती अशा केसाहून बारीक फाट्यावरून डागाला वळसा घालून निघाली. दिवसभर गोकुळ स्वतः तपासत होता. एकही टिक खोटी नव्हती. खरीखुरी वाट होती तिथे. गुरुवारी सुट्टीत तार डागाच्या पलीकडे पोचली, आणि तिथे थांबली.

पुढे फट होती. फटीच्या अलीकडे एक टोक, पलीकडे दुसरं.

गोकुळने ती टोकं पडदाभर मोठी करून बघितली. डागाने खाल्लेली तार फाटक्या सुतळीसारखी दिसते. ही दोन्ही टोकं नीट मागे दुमडलेली होती, प्रत्येक आपल्यावरच वळवून ठेवलेलं. काम करायच्या आधी लाइनमन जोड सोडवतो आणि टोकं अशीच मागे बांधून ठेवतो, चुकून एकमेकांना लागू नयेत म्हणून. ही तार तुटली नव्हती. ही सोडवून ठेवली होती.

शुक्रवारी सुट्टीत टिक वाजली नाही. शनिवारीही नाही. गोकुळ दाराशी बसून ती वाजावी म्हणून वाट बघत होता, आणि आपण कशाची वाट बघतो आहोत हे लक्षात आल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तेवढ्यात काकूचा फोन आला. यांचं बोट थांबलं आहे, म्हणाली. खिशातला तो फ्यूज मुठीत धरून बसले आहेत. दोन दिवस झाले, मूठ सोडत नाहीत, तोंड उघडत नाहीत. चमच्याने पाणी पाजते ते अर्धं बाहेर येतं. डॉक्टर येऊन गेला, उद्यापर्यंत पाहू म्हणाला.

"काऊन असं करून राह्यले रे गोकुळ? कोनाची वाट पाहून राह्यले?"

त्या संध्याकाळी गोकुळ बसस्टँडजवळ कादरभाईकडे गेला. गोकुळ पडला त्या वेळी कादरभाई सबस्टेशनवर ऑपरेटर होते; परमिट त्यांच्याकडूनच मिळायचं. आता लेकाच्या मोबाइलच्या दुकानात स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचे. गोकुळ टेकला तसे म्हणाले, आज माकड का मोहोळ. गोकुळ म्हणाला, आज तुम्ही सांगा. त्या दिवशी काय झालं ते.

कादरभाईंनी सांगितलं. माकड नव्हतं. पावसाने खांब निसरडा होता, पाय घसरला, एवढंच. परमिट शालिग्रामच्या नावावर होतं. गोकुळला जीपमध्ये टाकून दवाखान्यात नेलं आणि रात्रभर बारा गावं अंधारात राहिली, कारण परमिट परत येईना.

"म्या तीनदा फोन केला त्याले. शालिग्राम, मानसं उतरली का? तो म्हने, एक नाई उतरला अजून. म्या म्हनलं, अरे बाबा, तो तं दवाखान्यात हाये. म्हने, मले माहीत हाये कुठं हाये ते. पन त्याच्या तोंडून आलं नाई."

दुसऱ्या दिवशी साहेबाने दुसरा फ्यूज टाकवून स्वतःच्या सहीने लाईन सुरू केली. गावांत लाईट आले. रजिस्टरात शालिग्रामची सही मात्र कधीच झाली नाही.

अठरा वर्षांत त्याने उस्तादला हजार गोष्टी सांगितल्या होत्या. तेवढी एक सांगायची राहिली होती.

६

रविवारी दीडच्या आधी तो उंद्रीला पोचला. ऊन असं की ओसरीच्या फरशीवर दाराची चौकट कापून ठेवल्यासारखी. शालिग्राम तसाच, मूठ छातीशी, ओठ सुकून पांढरे. काकू त्याच्या पायाशी वाटी-चमचा घेऊन बसली होती.

गाडीत येताना गोकुळने स्वतःला पुरेसं हसून घेतलं होतं. आजारी माणूस आहे, पेशी मेल्या आहेत, शब्दाने काय होणार. दोन वर्षं मेलेल्या तारा बघतोस, तुला नको का कळायला. हे सगळं बरोबर होतं. तरीही तो ओट्यावर चढला, वळला, आणि आखूड पाय आधी टाकत, भिंतीला हात धरून, एकेक पायरी करत खाली अंगणात उतरला. दोन्ही पाय मातीला टेकवले. दाराकडे तोंड केलं.

"उस्ताद. गोकुळ उतरला."

काही झालं नाही. काकू चमचा धरून त्याच्याकडे बघत राहिली. गोकुळच्या कानांत स्वतःचाच आवाज वेड्यासारखा वाजत होता. मग त्याला आठवलं, शेवटी उतरणाऱ्याने आणखी एक वाक्य म्हणायचं असतं.

"गोकुळ उतरला, उस्ताद. वर कोनी नाई."

शालिग्रामने श्वास सोडला. इतका लांब, की तो किती दिवसांपासून धरून ठेवला होता कोण जाणे. मूठ हळूहळू उघडली. गोकुळ ओसरीत आला. शालिग्रामने फ्यूज त्याच्या हातावर ठेवला; ती चिनी माती नुकती चालू लाईनवरून काढल्यासारखी गरम होती.

"टाक," शालिग्राम म्हणाला.

तीन वर्षांतला पहिला शब्द. फ्यूज टाकायला तिथे डीपी नव्हती. समोर नुसती चुन्याची भिंत होती. पण गोकुळच्या मनगटाने ते काम हजार वेळा केलं होतं. त्याने फ्यूज भिंतीसमोर धरला आणि मोकळ्या हवेत मनगटाने दाबला.

हाताला अडकल्यासारखं लागलं.

आणि घूं आवाज आला. डीपीत लाईन भरते तेव्हा जमिनीतून येतो तसा, जाड, खालच्या पट्टीतला. पायाखालच्या फरशीतून, खुर्चीच्या पायांतून. काकूच्या हातातली वाटी बारीक थरथरली, म्हणजे तिलाही जाणवला. मग आवाज बसला.

शालिग्रामने डोळे चोळले. खाली बघितलं. पायाशी बसलेल्या म्हातारीकडे तो नवल वाटल्यासारखा बघत राहिला.

"रुखमा," तो म्हणाला, "एवढ्या अंधारात काऊन बसली व?"

दुपारचा पाऊण वाजला होता. ओसरी उन्हाने भरली होती. काकूने वाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि कालच्याच गप्पा पुढे चालवाव्या तशा आवाजात म्हणाली,

"लाईन नव्हती."

७

शालिग्राम त्या दिवशी अकरा मिनिटं शुद्धीत होता. वाटीभर खिचडी खाल्ली, गोकुळला आखूड पायावरून दोन शिव्या दिल्या, आणि मग पुन्हा उन्हाकडे बघत बसला. बरा झाला असं कोणी म्हणू नये. पण आता रोज दीडच्या पुढेमागे तो येतो. कधी पाच मिनिटं, कधी वीस. काकू तेवढ्या वेळात त्याच्याकडून आपलं नाव घेऊन ठेवते.

सोमवारी पडद्यावर फट नव्हती. दोन्ही टोकं जोडलेली, जोडापाशी एक टिक मागे गेलेली. वेळ रविवारची, बारा सत्तेचाळीस. झेबाने फटीचे जुने फोटो काढून बघितले. फोटोत टोकं अजून सुटीच होती, फक्त त्यांना जोडणारा एक धागा, इतका बारीक की आधी कोणाला दिसला नसेल असं म्हणायला जागा होती. तिने तसंच म्हटलं. ती सगळी वाट तिने जिथे नकाशा जायचा तिथे पाठवली, आणि आठवड्याने उत्तर आलं. वाट खरी आहे. डागाला वळसा घालून जाणारी जिवंत वाट असू शकते हे आम्ही या तुकड्यात धरलंच नव्हतं. संपली म्हणून सोडलेल्या सगळ्या तारा पुन्हा तपासा.

तेव्हापासून केंद्राचा नियम बदलला. दारावर झेबाच्या अक्षरात कागद लावला आहे: संपली अशी खूण करण्याआधी एकदा मागे जाऊन बघा. आतापर्यंत सदतीस वाटा सापडल्या. प्रत्येकीच्या वेळी कोणीतरी पोरगी खुर्चीतून अर्धी उठते, आणि सगळा हॉल तिच्यामागे गोळा होतो.

गोकुळ सुट्टीत चिप उपसत नाही आता. जेवायला जाताना खुर्ची हातभर मागे ओढून ठेवतो, कोणी येऊन बसणार असेल तसा.

परवा डबा विसरला म्हणून तो अर्ध्या जिन्यातून परत आला. कुलूप लागलं होतं. काचेतून नेहमीच्या सवयीने डाव्या कोपऱ्याकडे बघितलं, तर त्याच्या भिंतीवर करडा उजेड हलत होता. मग त्याची नजर सरकली.

सोळाच्या सोळा खुर्च्यांमागे उजेड हलत होता. प्रत्येकाची चाल निराळी. एक घाईचा. एक दोनदा थांबून पुढे जाणारा, सुईत दोरा ओवणाऱ्या बाईसारखा. एक एका लयीत, जातं ओढल्यासारखा. सगळे आपापल्या डागाकडे चाललेले. गोकुळने डबा दिसतो का बघायला हात दारावर ठेवला होता तो हळूच काढून घेतला, आणि चपलांचा आवाज न करता उतरून गेला.

ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितलेली नाही, म्हणजे ती खरीच असणार.

संध्याकाळी काम सुटलं की शेवटच्या पायरीवरून जमिनीला पाय टेकताना तो मोठ्याने म्हणतो, गोकुळ उतरला. आधी पोरी हसायच्या. मग त्यांनाही चाळा लागला. आता पेंडीच्या वासातून एकेक आवाज येतो: सुचिता उतरली, जहांआरा उतरली. सगळ्यात मागून कुलूप ओढून बघत झेबा येते आणि पुटपुटते, झेबा उतरली.

शेवटी उतरणाऱ्याने म्हणायचं ते पुढचं वाक्य कोणीच म्हणत नाही.